मदत हवी आहे: मुलाचा गेम सुटत नाही, एमआरआयला न्यावं का?

नमस्कार. आम्ही इंदूरला, लोकमान्य नगरात राहतो. मुलगा १७ वर्षांचा, यंदा बारावी. गेलं दीड वर्ष फोनवरचा गेम सुटत नाहीये. रात्री अडीचपर्यंत खोलीत उजेड असतो. क्रिकेट सुटलं, सहामाहीत दोन विषय गेले. ओरडून झालं. फोन काढून घेतला तेव्हा दोन दिवस नीट जेवला नाही.

मागच्या गुरुवारी दूध द्यायला गेले. पेल्यात साय धरली तरी त्याचं लक्ष नाही, अंगठे चालूच. मॅच संपल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, मलाच थांबायचंय गं. ठरवतो, पण हात परत जातोच." तेव्हापासून मला रागावता येत नाही.

धाकटे दीर म्हणतात, अशा मुलांच्या मेंदूतली जोडणीच बदलते, एमआरआय करून घ्या. मग मी जमेल तेवढं वाचलं. मेंदूतले भाग जाळ्यांनी काम करतात. एक जाळं स्वतःला आवरायचं, एक रिकामं बसलो की विचारांत रमणारं (डिफॉल्ट मोड नेटवर्क), आणि एक आत्ता कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवणारं. गेमच्या आहारी गेलेल्यांमध्ये या जाळ्यांचा ताळमेळ वेगळा आढळलाय. गेमचं नुसतं चित्र दाखवलं तरी बक्षिसाची ओढ लावणारा भाग जास्त चेततो. हे वाचताना त्याचं "हात परत जातोच" आठवून पोटात कालवलं.

पण हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे. बहुतेक अभ्यासांत तपासणीही एकदाच झालेली, त्यामुळे गेमनं मेंदू बदलला की मेंदूच तसा म्हणून गेम जडला, हे त्यातून ठरत नाही. मग माझ्या एकट्या मुलाच्या एमआरआयमधून काय कळणार? आणि फोन एकदम बंद करू की हळूहळू? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: ताई, एमआरआयचे पैसे वाचवा. हे निदान बोलण्यातूनच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये (१ जानेवारी २०२२ पासून लागू) 'गेमिंग डिसऑर्डर' आहे: आवरता न येणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम, नुकसान दिसूनही खेळत राहणं, आणि हे साधारण १२ महिने. तुमच्या लिहिण्यात तिन्ही दिसतात, तरी ते मानसोपचारतज्ज्ञांना ठरवू द्या. झोप आणि उदासी यांबद्दल आवर्जून बोला. आमच्या भाच्याच्या बाबतीत आधी उदासी होती, गेम नंतर आला. फोन हिसकावू नका, रात्रीची वेळ त्याच्याकडूनच ठरवून घ्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

धागाकर्ती: मनापासून आभार. एमआरआय नको, असं दिरांना कळवलं. उद्या दुपारी त्याला शेजारी बसवून १४४१६ लावते. तो तयार आहे, फक्त "बाबा खोलीत नकोत" म्हणतोय. ह्यांना वाईट न वाटता हे कसं सांगू?