मदत हवी आहे: ऊसतोड कुटुंबांना विचारून बालआरोग्याचा कार्यक्रम कसा आखावा?

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या तांड्यांवर लहान लेकरांच्या पोषणाचा कार्यक्रम आखतोय, आणि तो आईबापांना विचारूनच आखायचाय. पण दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात, त्या गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. पोरं कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत), नाहीतर गावात आजीपाशी. दंडघेर (दंडाचा घेर) ११.५ सेंमीखाली म्हणजे तीव्र कुपोषण, हे अंगणवाडीताईंची पट्टी सांगते; पण पहाटेच उसाच्या फडात गेलेली आई लेकराला कधी, काय भरवते, हे तीच सांगणार. बैठकीत मात्र मुकादमच (टोळी जमवणारे कंत्राटदार) बोलतात. बायांना, त्यातही आज्यांना, बोलतं कसं करावं? हंगामात कोपीवर जाऊन कुणी हे काम केलंय का? मजुरी बुडू नये म्हणून वेळ कोणती ठेवलीत? उचलीचा (मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा) विषय निघाला की सगळे गप्प होतात, तेव्हा काय करता?