स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात ट्रिप्सिन रोखणारं इंजेक्शन द्यावं का?

जठराग्नी
अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचा, रुग्ण दाखल झाला की आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सलाइनसोबत युलिनास्टॅटिन हे ट्रिप्सिन रोखणारं इंजेक्शन लावतात. गंभीर रुग्णाला ते द्यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, कारण आजाराचं मूळच ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइममध्ये आहे.

स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार करतं ते ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात. लहान आतड्याच्या सुरुवातीला एन्टेरोपेप्टिडेज हे एन्झाइम त्याचं टोक छाटतं. ओळखीची खूण ठरलेली: प्रथिनाच्या साखळीत ओळीनं चार अ‍ॅस्पार्टेट, मग लायसिन (ही अमिनो आम्लं), आणि त्या लायसिनच्या पुढं काप. जागं झालेलं ट्रिप्सिन मग कायमोट्रिप्सिन, इलास्टेज, फॉस्फोलायपेज ए२ या सगळ्या पाचक एन्झाइमांना जागं करतं. हेच स्वादुपिंडाच्या आत घडलं तर ते स्वतःलाच पचवू लागतं. हान्स कियारी यांनी हे १८९६ सालीच मांडलं होतं. शंभर वर्षांनी, १९९६ साली, पीआरएसएस१ या ट्रिप्सिनोजेन बनवणाऱ्या जनुकातला दोष सापडला. त्यात १२२व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतं, ट्रिप्सिनला स्वतःला कापून संपवता येत नाही, आणि हा आजार घराण्यात पिढ्यानपिढ्या चालतो. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

दीपा_क
कारण बरोबर, पण औषधाची वेळ चुकते. स्वादुपिंडाच्या पेशीत लायसोसोम (टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्या) आणि एन्झाइमच्या पुड्या एकत्र येतात आणि लायसोसोममधलं कॅथेप्सिन बी हे एन्झाइम तिथंच ट्रिप्सिनोजेन कापतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे पहिल्या तासाभरातच दिसतं. पोट दुखायला लागल्यावर रुग्ण पोचतो तो कितीतरी तासांनी. शिवाय युलिनास्टॅटिन हे मोठं ग्लायकोप्रोटीन; शिरेतून दिलं म्हणून ते पेशीतल्या त्या पुडीत शिरत नाही. अ‍ॅप्रोटिनिन या ट्रिप्सिन रोखणाऱ्या जुन्या औषधाचंही हेच झालं: सुरुवातीला आशा, आणि १९७७च्या ब्रिटिश चाचणीत फायदा शून्य.

आणखी एक. २०११ साली ट्रिप्सिनोजेन-७ (उंदरातला ट्रिप्सिनोजेनचा एक प्रकार) नसलेले उंदीर तपासले. त्यांच्यात पेशींची हानी साधारण निम्म्यानं घटली, पण दाह तसाच राहिला. म्हणजे ट्रिप्सिन अडवूनही दाह आपल्या वाटेनं जातोच.

जठराग्नी
युलिनास्टॅटिन फक्त ट्रिप्सिनवर काम करत नाही, पांढऱ्या पेशींनी सोडलेलं इलास्टेजही ते अडवतं, आणि हे इलास्टेज पेशीबाहेरच असतं. तुम्ही म्हणता तो दाह तिथंच चालू असतो. भारतातल्या चाचणीत दर १२ तासांनी २ लाख युनिट, ५ दिवस दिल्यावर गंभीर गटात मृत्यू कमी झाले.

सह्यकडा
त्या चाचणीत हलके-गंभीर मिळून रुग्ण सव्वाशेच्या आसपास. अशा छोट्या गटात दोन-चार मृत्यू इकडचे तिकडे झाले की निष्कर्ष पालटतो. महागडी कुपी लावायच्या आधी सलाइनचा हिशेब नीट ठेवा, माझा आग्रह तिथं आहे. २०२२च्या चाचणीत एका गटाला रिंगर लॅक्टेट (एक प्रकारचं सलाइन) किलोमागे २० मिली एकदम आणि पुढं तासाला ३ मिली दिलं. दुसऱ्याला तासाला १.५ मिली, आणि शरीरात पाणी कमी असेल तरच आधी १० मिली. पहिल्या गटात शरीरात पाणी साचण्याचं प्रमाण २०.५ टक्के, दुसऱ्यात ६.३. चाचणी मधेच थांबवावी लागली. ६० किलोच्या माणसाला तासाला ९० मिली पुरतात, तिथं १८० सोडले की फुप्फुसात पाणी जाऊ शकतं.

जठराग्नी
त्या चाचणीत सुरुवातीलाच गंभीर असलेले रुग्ण घेतले नव्हते. मी बोलतोय त्यांच्याबद्दलच.

सह्यकडा
मान्य. पण मग युलिनास्टॅटिनसाठीही त्याच रुग्णांची मोठी चाचणी मागा.

दीपा_क
वेळेचा मुद्दा ईआरसीपीत (दुर्बिणीनं पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्या तपासण्यात; त्यानंतरही हा दाह होऊ शकतो) उघड दिसतो. तिथं इजा कधी होणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून औषध वेळेवर पोचतं. तरी गॅबेक्सेट हे ट्रिप्सिन रोखणारं औषध कित्येक तास शिरेतून चालू ठेवावं लागतं. याउलट इंडोमेथॅसिन या दाहविरोधी औषधाच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या गुदद्वारातून ठेवल्यावर २०१२च्या चाचणीत जास्त धोक्याच्या रुग्णांमधलं दाहाचं प्रमाण १६.९ वरून ९.२ टक्क्यांवर आलं. ते औषध दाह रोखतं, ट्रिप्सिन नाही.