मदत हवी आहे: उन्हाळ्यात केकवरची क्रीमची फुलं टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. स्पंज चांगला जमतो, बिनअंड्याचाही. आता सजावट मनापासून शिकायची आहे. एप्रिलअखेर पुतणीचा वाढदिवस आहे आणि केक मीच करणार, असं तिला कबूल केलंय.

अडचण क्रीमची आहे. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम फ्रीजरमधून काढून रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवते, भांडं आणि बीटरची पातीही गार करते. फेटल्यावर टोकं ताठ उभी राहतात. पण पायपिंग बॅगेत (फुलं काढायच्या पिशवीत) भरलं की हाताच्या उबेनं दोन-चार फुलांतच पाकळ्यांच्या कडा बसायला लागतात. बॅग अर्धीच भरायची का? मध्ये मध्ये फ्रीजमध्ये ठेवता का तुम्ही? बटरक्रीमचा विचार केला, पण लोणी ३२ ते ३५ अंशांतच वितळतं. आपल्याकडच्या दुपारी ते कसं टिकणार?

केक फिरवायचं टर्नटेबल, क्रीम पसरवायचा पॅलेट नाईफ आणि ती सारखी करायचा स्क्रेपर घेणारच आहे. नोझलचा (बॅगेच्या टोकाला लावायच्या तोटीचा) मोठा संच मात्र नको वाटतो. एक मोठं स्टार आणि एक साधं गोल, एवढ्यावर सुरुवातीला भागेल ना? शाहूपुरी किंवा लक्ष्मीपुरीत सुटी नोझल कुठे मिळतात?

जवळपास कुणी ताई घरी शिकवत असतील तर तेही कळवा. दुपारी २ नंतर मला जमेल.