रपुन्झेल दोन मुलींची करायची आहे: मूळ कोणतं धरावं, काळोख कुठून आणावा?

निळीशाई
१५ ते १८ वयाच्या वाचकांसाठी ग्रिम बंधूंच्या परीकथा नव्याने लिहिते आहे, सॅफिक (म्हणजे मुलींच्या आपसातल्या प्रेमाच्या) आणि गडद. पहिली रपुन्झेल, म्हणजे चेटकिणीने मनोऱ्यात कोंडलेल्या लांब केसांच्या मुलीची कथा, साधारण सहा हजार शब्दांत. राजपुत्राच्या जागी मुलगी आणली, पण तेवढ्याने कथा मध्यावरच लंगडते. दोघींचं चेटकिणीला कळतं कसं, तेच बसत नाही. शिवाय चेटकीणही बाईच. बाईचं बाईवर प्रेम म्हणजेच काहीतरी भयंकर, असा अर्थ कुणी काढू नये. मूळ म्हणून कोणती आवृत्ती घ्यावी? शेवट किती क्रूर चालेल?

उंबरठा
लंगडण्याचं कारण मूळ कथेतच आहे. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत रपुन्झेल भाबडेपणाने विचारते, माझे कपडे इतके घट्ट का होऊ लागलेत? आणि गरोदरपण उघडं पडतं. पुढच्या आवृत्त्यांत हे काढून टाकलं. १८५७च्या शेवटच्या आवृत्तीत ती बोलून जाते की राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढणं फार जड जातं. दोन मुलींच्या कथेत पहिला मार्ग बंद, आणि दुसरा तसाच उचलला तर नायिका मूर्ख ठरते.

माझ्या मते १८५७चाच सांगाडा घ्या, पण उलगडा रेशमावर टाका. त्या आवृत्तीत राजपुत्राने दर भेटीत रेशमाची एक लड आणायची आणि तिने शिडी विणायची, असं ठरतं. एकदम दोरच का आणला नाही, हे वाचक विचारणारच. म्हणून चेटकीण रोज दिवसा येऊन खोलीची झडती घेते, असं आधीच दाखवा. लड उशीत लपते, दोर लपत नाही. मग एक दिवस अर्धी विणलेली शिडी सापडते. म्हणजे शिक्षा प्रेमाबद्दल नाही, पळून जायच्या तयारीबद्दल होते. तुमच्या दुसऱ्या शंकेचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

मापं पक्की ठेवा. केस वीस एल खाली सुटतात. एल हे लांबीचं जुनं माप, जर्मन एल गावागणिक वेगळा असे. ६० सेंमी धरला तर १२ मीटर, म्हणजे चार मजले. तीस सेंमीवर एक पायरी धरली तर शिडीला ४० पायऱ्या लागतात. वीस विणून झालेल्या असताना ती खाली सोडली तर जमिनीच्या सहा मीटर वरच संपते. तिथून मूळ कथेतल्या राजपुत्रासारखं काटेरी झुडपात पडलं तर जीव वाचणं आणि डोळे जाणं, दोन्ही पटतं.

आणि मूळ कथेत रपुन्झेल केस आधी खिडकीच्या आकड्याला (हुकाला) गुंडाळते, मग खाली सोडते. हे बऱ्याच पुनर्कथांत गळतं आणि मग सगळं वजन टाळूवर येतं. तो आकडा जपा, पुढे लागणार आहे.

रानजाई
आकडा लागतो तो असा: चेटकीण वेण्या कापते, त्याच आकड्याला बांधते आणि संध्याकाळी खाली सोडते. वर चढणाऱ्याला वाटतं, प्रिय माणूस वाट पाहतंय. सबंध कथेतला सर्वांत गडद प्रसंग हा आहे, आणि तो एका शब्दानेही बदलावा लागत नाही. सहा हजारांतले हजारभर शब्द इथे खुशाल घालवा. चढणारीच्या हातांतून सांगा: वेणीला नेहमीची ऊब नाही, वरून ओढ नाही.

मुलगी आणल्याने एक जागा मूळापेक्षा चांगली जमते. राजपुत्र चेटकिणीचीच हाक मारून केस सोडायला लावतो आणि पुरुषाचा आवाज रपुन्झेलला ओळखू येत नाही, हे पटत नाही. मुलीचा आवाज फसवू शकतो. मराठीत तर ‘मी आलेय, केस सोड’ दोघींच्या तोंडी तंतोतंत सारखं येतं. पण हे प्रेम फसवणुकीतून सुरू होतं, हे विसरू नका. खिडकीत पोचताच तिने खरं सांगायला हवं, आणि रपुन्झेलला तिला परत पाठवायची मुभा हवी.

वय स्पष्ट लिहा. मनोऱ्यात कोंडतात तेव्हा ती बारा वर्षांची असते. भेट अठराव्या वर्षी ठेवा, दोघी समवयस्क. मग सहा वर्षांचा बंदिवास आपोआप कथेत येतो. या वयाच्या वाचकांसाठी चुंबनाच्या पुढे जायची गरज नाही. केस विंचरण्यातच पुरेसा ताण आहे.

निळीशाई
आकडा आणि शिडी घेतलीच. चेटकिणीचं काय करू? तिलाही रपुन्झेल हवीच असते ना?

तळटीप
हवी असते, पण मालकीण म्हणून. तिच्या ओढीत प्रणयाचा अंशही ठेवू नका. तरुण मुलींना गिळणारी बाई हा साचा १८७२च्या ‘कार्मिला’ या रक्तपिशाच्चाच्या कथेपासून पक्का झालेला आहे, आणि तुमची भीती त्याच वाटेने खरी होईल. तिचा हक्क व्यवहारातून येतो: रपुन्झेलच्या बापाने तिच्या वाफ्यातली भाजी चोरली, त्या बदल्यात तिने बाळ घेतलं. तिला हिशेबाचीच भाषा द्या.

तिच्या शेवटासाठी याच कथेच्या जुन्या रूपांत तीन नमुने आहेत. इटालियन लेखक बाझिलेच्या १६३४च्या ‘पेत्रोसिनेल्ला’त मुलगी पळताना एकेक जादूचं फळ फेकते, त्यांतून कुत्रा, सिंह आणि लांडगा निघतात, आणि लांडगा राक्षसिणीला गिळतो. फ्रेंच लेखिका दे ला फोर्सच्या १६९८च्या कथेत चेटकिणीच्या जागी परी आहे, आणि तिचं मन शेवटी द्रवतं. ग्रिममध्ये तिला शिक्षाच नाही. ती पुन्हा दिसत नाही. गडद कथेसाठी मला तिसरा पटतो, कारण ती अजून कुठेतरी आहे.

दोघींपैकी एकीला मारून मात्र संपवू नका. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली, मुलीवर प्रेम करणारी मित्रा आत्महत्या करते, ते नाटक १९८१चं. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलीला तोच शेवट पुन्हा देऊ नये. आंधळेपण, रानातली वर्षं, उशिरा झालेली भेट, एवढी किंमत भरपूर आहे. मूळ कथेत रपुन्झेलचे अश्रू डोळ्यांवर पडून दृष्टी परत येते, तेही ठेवा, पण ती अर्धीच परत आली तरी चालेल.

हक्कांचं: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व असतं. विल्हेल्म १८५९ला, याकोब १८६३ला गेले, म्हणजे मूळ मोकळं आहे. मार्गारेट हंट यांचं १८८४चं इंग्रजी भाषांतरही मोकळं. अलीकडच्या मराठी अनुवादांतली वाक्यं उचलू नका. आणि जखमा बऱ्या करणारे केस ग्रिममध्ये नाहीतच. ते २०१०च्या डिस्नी चित्रपटातले, तेवढे टाळा.