ऑस्बोर्न हाउसची सहल आणि बाबांचा प्रश्न

प्रिय मंडळी,

ऑगस्टच्या सहलीचं पत्रक मिळालं. आईल ऑफ वाइट ठरलं, छानच झालं. पण माझे बाबा सध्या पुण्याहून इकडे आलेत आणि ऑस्बोर्न हाउसचं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या तिथल्या घराचं, नाव वाचल्यापासून एकच विचारतायत: "जिच्या राज्यात आपल्याकडची माणसं दुष्काळात मेली, तिचा उन्हाळी वाडा तिकीट काढून कशाला बघायचा?" मला नीट उत्तर देता आलं नाही. दादा, तुम्ही तिथे बरेचदा गेला आहात, तुम्हीच सांगा. त्यांचे गुडघे दुखतात, आणि मुलं कंटाळणार तर नाहीत ना, तेही कळवा.

---

ताई,

बाबांना नमस्कार सांगा. प्रश्न रास्त आहे. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची दवंडी पिटली गेली, तेव्हा सोलापूर-नगरकडे लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. हे विसरून तिथे जा असं मी म्हणणार नाही. ज्याला हे ठाऊक आहे त्याने तर जरूर जावं.

आधी घराविषयी थोडं. १८४५ मध्ये राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांनी ही जागा विकत घेतली. राजवाड्यांच्या धबडग्यापासून लांब, पोराबाळांना मोकळं फिरता येईल असं स्वतःचं घर त्यांना हवं होतं. जुनं घर पाडलं आणि थॉमस क्युबिट या बांधकाम व्यावसायिकाला हाताशी धरून अल्बर्टने १८५१ पर्यंत नवं उभं केलं. समोरचं सोलेंट खाडीचं पाणी बघून त्याला नेपल्सचा उपसागर आठवायचा, म्हणून घराला इटालियन घाट आणि उंच मनोरे. १८६१ मध्ये अल्बर्ट गेला. राणी पुढेही इथे येत राहिली आणि २२ जानेवारी १९०१ ला याच घरात तिने प्राण सोडला. तिच्या खाजगी खोल्या १९५४ पर्यंत लोकांना बंद होत्या.

आता खास बाबांसाठी. हिरवळीवर उभं राहून मनोऱ्याकडे बघितलं की पुण्याचा माणूस चपापतो. आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत! गणेशखिंडीतलं ते गव्हर्नरचं निवासस्थान बार्टल फ्रिअरच्या काळात बांधायला घेतलं, आणि वास्तुकलेचे अभ्यासक त्याचं नातं ऑस्बोर्नशी जोडतात. मला ते समजलं तेव्हा पहिली आठवण झाली २२ जून १८९७ ची. प्लेगचं वर्ष, घरात शिरून झडती घेणाऱ्या गोऱ्या सोल्जरांचं वर्ष, आणि त्यातच राणीच्या हीरकमहोत्सवाची रोषणाई. गणेशखिंडीतला समारंभ आटोपून रँड बाहेर पडला आणि चापेकर बंधूंनी त्याला रस्त्यावर गाठलं. आणि इथे ऑस्बोर्नला, १८८७ आणि १८९७ या दोन्ही महोत्सवांना हिंदुस्थानातून आलेल्या मानपत्रांच्या नक्षीदार पेट्या काचेआड मांडल्या आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर दोन्ही गोष्टी एकदम मनात येतात. यासाठीच बाबांनी यावं असं मला वाटतं.

घाई करायची तर वरच्या शयनगृहांत करा, दरबार विंगमध्ये करू नका. १८९०-९१ मध्ये बांधलेली ही मोठी खोली लाहोरच्या मेयो कलाशाळेतून आलेल्या भाई राम सिंग यांच्या हातची. हेच पुढे अमृतसरच्या खालसा कॉलेजचे वास्तुकार. त्या शाळेचा प्रमुख लॉकवुड किपलिंग याचं मार्गदर्शन होतं, पण नक्षीची रेघ न् रेघ राम सिंगांची. छत, भिंती, सगळं पांढरंशुभ्र कोरीव काम, आणि शेकोटीवर पिसारा फुलवलेला मोर. पिसाऱ्याखाली उभं राहून मान वर करून बघा, एकेक पीस सुटं दिसतं.

पण माझा जीव अडकलाय तो तिथल्या बोळात. राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून हिंदी माणसांची लहान लहान चित्रं काढून घेतली, ती तिथे लावली आहेत. १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनात कारागीर म्हणून ज्यांना लोकांपुढे बसवलं, त्यातले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते. त्यांच्यात बक्षीराम कुंभार आहे, वय १०२ सांगितलेलं. पांढरी दाढी, सुरकुतलेला चेहरा. त्याच्यापुढून माझा पाय निघत नाही. राणी स्वतः हिंदुस्थानात एकदाही आली नाही. हे चेहरे तेवढे रोज तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर होते.

मुलांची काळजी नको. बागेच्या टोकाला स्विस कॉटेज आहे. राजपुत्र-राजकन्यांना तिथे एकेक वाफा दिला होता, प्रत्येकाच्या ढकलगाडीवर त्याच्या नावाची अक्षरं, आणि पिकवलेली भाजी बाप बाजारभावाने विकत घ्यायचा. खाली किनाऱ्यावर राणीची चाकांवरची न्हाणीची खोलीही आहे.

साउदम्प्टनहून ईस्ट काउसची फेरी साधारण तासाभराची. धक्क्यापासून वाड्यापर्यंत चढ आहे, म्हणून बाबांना गाडीनेच नेऊ.

---

दादा,

तुमची मेल बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. विद्यापीठाचं आल्यावर ते उठून आतल्या खोलीत गेले आणि पाकिटातून पदवीदानाचा फोटो काढून आणला. मागे तो मनोरा आहे. तो फोटो बरोबर घ्यायचा म्हणतायत.

आमची चार तिकिटं धरा. दरबार विंगला कमीत कमी दीड तास ठेवा, हे बाबांनी लिहायला सांगितलंय. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे.