निरोप द्यावा तर 'स्टार ट्रेक'ने १९९१मध्ये दिला तसा. पटतंय का?

चांदणभूल

विज्ञानपटांच्या मालिकांमध्ये जुन्या नटांना वाजतगाजत निरोप देण्याची हल्ली साथच आली आहे. माझं मत आधी सांगून टाकतो, मग काय ते बोला. असा निरोप आजवर एकदाच नीट जमलाय. डिसेंबर १९९१मध्ये आलेला 'स्टार ट्रेक'चा सहावा चित्रपट, 'द अनडिस्कव्हर्ड कंट्री'. आणि तीनच वर्षांनी सातवा, 'जनरेशन्स', काढून त्याच स्टुडिओने त्याची माती केली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ मालिका १९६६ ते १९६९ टीव्हीवर चालली, १९७९पासून तेच सात जण चित्रपटांत आले. १९८९चा पाचवा, खुद्द विल्यम शॅटनरने दिग्दर्शित केलेला, आपटला. निर्माते हार्व्ह बेनेट यांना तरुण पोरं घेऊन कॅप्टन कर्क (शॅटनर) आणि त्याचा अर्धा परग्रहवासी जोडीदार स्पॉक (निमॉय) यांच्या अकादमीतल्या दिवसांवर चित्रपट करायचा होता. पण मालिकेचं पंचविसावं वर्ष जवळ आलेलं, स्टुडिओला जुनेच चेहरे हवे होते. बेनेट बाहेर पडले. लेनर्ड निमॉयने कल्पना दिली की बर्लिनची भिंत अंतराळात पाडायची, आणि दिग्दर्शक निकोलस मायरने ती कागदावर उतरवली.

तर क्लिंगनांना, म्हणजे कर्कच्या बाजूच्या जुन्या परग्रहवासी शत्रूंना, ऊर्जा पुरवणारा चंद्र फुटतो (चेर्नोबिल आठवा). त्यांच्या ग्रहावर जेमतेम पन्नास वर्षांचा जीव उरतो आणि त्यांचा चॅन्सेलर गॉर्कॉन तहाची बोलणी सुरू करतो. त्याला सोबत करायला पाठवतात कर्कला, ज्याच्या मुलाला क्लिंगनांनी मारलंय. कर्क सरळ म्हणतो, मरू देत त्यांना. पुढे गॉर्कॉनचा खून होतो, आळ कर्कवर येतो, आणि क्लिंगन न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाजवतात ती त्याचीच खाजगी नोंद: मुलाच्या मृत्यूसाठी मी यांना कधीच माफ करू शकणार नाही.

मला हा निरोप मोठा वाटतो तो इथे. बाकीच्या मालिका जुन्या वीरांना शेवटचा एक विजय देतात. इथे त्यांना सांगितलं जातं की येणाऱ्या जगात तुमच्या रागाला जागा नाही. ते त्यांना कळतं, ते तह वाचवतात आणि मग बाजूला होतात. निरोपासाठी त्यांच्यातल्या कोणाला मारावं लागत नाही. जहाज मोडीत काढायला परत आणा असा हुकूम येतो, त्यावर मी माणूस असतो तर 'खड्ड्यात जा' म्हणालो असतो असं स्पॉक गंभीर चेहऱ्याने सांगतो. शेवटी पडद्यावर सातही जणांच्या सह्या उमटतात.

खवचट_खापर

सह्या छान होत्या, कबूल. पण त्याआधीचे पावणेदोन तास?

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी २४ ऑक्टोबर १९९१ला गेले, चित्रपट लागायच्या सहा आठवडे आधी. चित्रपट त्यांनाच अर्पण केलाय, आणि त्यांनाच तो पटला नव्हता. तेविसाव्या शतकातला माणूस वंशद्वेषाच्या पलीकडे गेलेला आहे, हा त्यांच्या जगाचा पाया. मायरने शेवटच्या भागात तोच उखडला. क्लिंगन पाहुणे जेवून गेल्यावर आपली मंडळी त्यांच्या जेवायच्या पद्धतीवर नाकं मुरडतात, तो प्रसंग आठवा. पंचवीस वर्षं ज्यांना आदर्श म्हणून दाखवलं त्यांना जाताजाता कोत्या मनाचं ठरवायचं, याला निरोप नाही म्हणत.

नटांनाही हे जड गेलंच. 'तुमच्या मुलीचं लग्न यांच्यातल्या एकाशी लावाल का' अशा अर्थाचं एक वाक्य दळणवळण अधिकारी उहुराच्या तोंडी होतं. निशेल निकोल्सने ते म्हणायला नकार दिला. अ‍ॅडमिरल कार्टराइट झालेल्या ब्रॉक पीटर्सना क्लिंगनांविरुद्धचं भाषण एका दमात म्हणवेना. दोघेही कृष्णवर्णीय. ही वाक्यं आपल्या देशात कोणाविषयी बोलली गेली होती हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चांदणभूल

@खवचट_खापर, तो 'पाया' मूळ मालिकेत किती होता ते बघू. १९६७चा 'एरंड ऑफ मर्सी' हा भाग, ज्यात क्लिंगन पहिल्यांदा दिसतात. ऑर्गेनियन लोक आपल्या शक्तीने दोन्ही बाजूंची युद्धं थांबवतात, तर कर्क चिडतो! आम्हाला लढायचा हक्क नाही का म्हणून क्लिंगन सेनापतीच्या बरोबरीने भांडतो, आणि नंतर स्वतःच ओशाळतो. म्हणजे हा माणूस पहिल्यापासून असाच होता. मायरने नवीन दोष चिकटवला नाही, जुन्या दोषाचा हिशेब मागितला.

पीटर्सना ते भाषण जड गेलं म्हणूनच ते पडद्यावर चावतं. कार्टराइट आधी चौथ्या चित्रपटात आपल्याच बाजूचा सज्जन अधिकारी होता. कटात शेवटी तोच निघतो.

रेवा_के

वंशद्वेषाचं चांदणभूल यांचं म्हणणं मला पटतंय. पण 'सात जणांना निरोप' हे जरा तपासून घेऊ या का?

निरोप मिळाला तो तिघांना: कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅककॉय. फार तर चौघांना, कारण सुलू अखेर 'एक्सेलसियर' जहाजाचा कॅप्टन होतो. जॉर्ज टाकेईने त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली! चेकॉव्हच्या वाट्याला विनोद: खुन्याचे बूट सापडल्यावर तो ज्याच्यावर आळ घेतो त्या खलाशाचे पाय त्या बुटांत मावणारच नसतात. स्कॉटीला शेवटी मारेकऱ्याला गोळी घालायला मिळते, ठीक.

आणि उहुरा? पंचवीस वर्षं दळणवळण अधिकारी असलेली बाई क्लिंगन पहारेकऱ्याशी बोलण्यासाठी जाडजूड पुस्तकं पसरून शब्द शोधते, आणि प्रेक्षक हसतात. निकोल्सने याही प्रसंगाला विरोध केला होता, कारण उहुराला क्लिंगन यायलाच हवी. तिचं कोणी ऐकलं नाही. शेवटच्या भागात एखाद्याला आपल्याच कामात अडाणी दाखवायचं आणि खाली तिची सही घ्यायची, हे मला काही मोठेपणाचं वाटत नाही.

कटात सामील असलेल्या व्हॅलेरिसच्या मनात स्पॉक जबरदस्तीने शिरतो तो प्रसंग तर मी आता पुढे सरकवते. ती किंचाळते, सगळे उभे राहून बघतात, आणि माहिती मिळाल्यावर गोष्ट पुढे चालू. स्पॉकचा निरोप असा?

बोरीबंदर

अदृश्य जहाज कसं शोधायचं हे सगळ्यांना कोडं पडतं तेव्हा उत्तर उहुराच देते हो! वायूंच्या नोंदी घ्यायची एवढी यंत्रं जहाजावर आहेत, आणि त्या जहाजालाही धुराचं नळकांडं असेलच की. लढाई तिथे जिंकली जाते. मग स्पॉक आणि मॅककॉय मिळून टॉर्पेडोवर 'शस्त्रक्रिया' करतात, आणि स्पॉकचं ठेवणीतलं 'फॅसिनेटिंग' मॅककॉयच्या तोंडून निघतं. पंचवीस वर्षं भांडलेल्या दोघांचा याहून गोड शेवट काय असणार.

अवांतर: पैसे इतके कमी होते की फेडरेशनच्या (कर्कच्या बाजूच्या सरकारच्या) अध्यक्षांची कचेरी म्हणजे टीव्हीवरच्या 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेतला बार, पडदे बदलून. शांततेचे सगळे निर्णय गुत्त्यात झाले म्हणायचं.

अतिअवांतर: या निरोपसमारंभात आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटाची कोणी आठवण काढत नाही. १९७९च्या पहिल्या चित्रपटासाठी बाईने डोकं भादरून घेतलं होतं.

रेवा_के

@बोरीबंदर, एका हुशार वाक्याने पुस्तकांचा प्रसंग धुऊन निघत नाही. तिला सुचलं हे चांगलंच. पण तिचं काम भाषा, आणि तिथेच तिची फजिती केली.

पाचवा_मजला

तुम्ही सगळे १९९१च्या प्रेमात आहात म्हणून 'जनरेशन्स'ची बाजू घ्यायला आलोय. येऊ द्या चपला.

सहाव्या चित्रपटात निरोप नाहीच, सुट्टी आहे. सगळे धडधाकट, जहाज सूर्याच्या दिशेने, प्रेक्षक डोळे पुसतोय आणि त्याला आतून माहीत आहे की परत बोलावता येईल. बोलावलंच. खरा शेवट 'जनरेशन्स'मध्ये, व्हेरिडियन ग्रहावर. कर्क अनोळखी ठिकाणी, अनोळखी लोकांना वाचवताना मरतो. ज्यांच्यासाठी मेला त्यांना त्याचं नावही माहीत नाही.

आणि हे आकाशातून पडलेलं नाही. पाचव्याच चित्रपटात (हो, तोच आपटलेला) शेकोटीपाशी कर्क सांगतो: कड्यावरून पडताना मी मरणार नाही हे मला माहीत होतं, कारण तुम्ही दोघं जवळ होतात, मी एकटा असताना मरणार हे मला कायम ठाऊक आहे. १९९४मध्ये स्पॉक नाही, मॅककॉय नाही. तो एकटाच आहे. याहून चोख हिशेब कुठला?

चांदणभूल

@पाचवा_मजला, मुद्दा भारी आहे, पण तो लेखकांच्या पदरात टाकू नका. स्पॉक आणि मॅककॉय तिथे नाहीत कारण निमॉय आणि डीफॉरेस्ट केली यांनी नकार दिला. दिग्दर्शनही निमॉयला विचारलं होतं, तेही त्याने नाकारलं. मग त्या दोघांची वाक्यं स्कॉटी आणि चेकॉव्हला वाटून दिली, म्हणून तर चेकॉव्ह अचानक दवाखाना सांभाळताना दिसतो.

मरणही पहिल्या फटक्यात जमलं नाही. आधीच्या शेवटात खलनायक सोरान कर्कला पाठीत गोळी घालतो. चाचणीच्या खेळांना प्रेक्षक नाराज झाले, मग पुन्हा वाळवंटात जाऊन लोखंडी पूल कोसळवला. पाठीत गोळी की अंगावर पूल, हे जिथे प्रेक्षकांचा कौल घेऊन ठरतं, तिथे एकटेपणाचं तत्त्वज्ञान शोधणं तुमच्या मनाचा मोठेपणा.

पाचवा_मजला

निर्मितीत गोंधळ होता म्हणून पडद्यावरचं खोटं ठरतं का? मग सहावाही कमी खर्चात, उसन्या बारमध्ये झालाय. मी जे पाहिलं त्याबद्दल बोलतोय. 'नेक्स्ट जनरेशन'चा कॅप्टन पिकार्ड एकटा दगड रचून कर्कला पुरतो. ना बँड, ना सह्या. 'स्टार वॉर्स'ने काय केलं? हानला २०१५ला मारलं, ल्यूकला २०१७ला, आणि कॅरी फिशर २०१६मध्ये गेल्यावर लेयाला उरलेल्या चित्रीकरणातून २०१९मध्ये उभं केलं. तीन चित्रपटांत तिघं एका चौकटीत एकदाही नाहीत. त्यापेक्षा कर्कला निदान स्वतःचं मरण मिळालं.

खवचट_खापर

मग शॅटनरला ते कोणीतरी कळवा. १९९६मध्ये त्याने सहलेखकांसोबत कादंबरी आणली, 'द रिटर्न'. तिच्यात कर्क जिवंत! ज्याला निरोप दिला त्यालाच तो मान्य नव्हता, आणि आपण कुठला बरा म्हणून भांडतोय.

माझं मत विचाराल तर चांगला निरोप स्कॉटीचा, आणि तो चित्रपटात नाहीच. १९९२चा 'नेक्स्ट जनरेशन'चा 'रेलिक्स' हा भाग. म्हातारा इंजिनियर नव्या जहाजावर सगळ्यांच्या पायात येतो, मग एकटाच जुन्या ब्रिजच्या आभासी प्रतिकृतीत जाऊन दारू पितो. तासाभरात जेम्स दुहानला सहा चित्रपटांत मिळालं नाही तेवढं मिळालं.

रेवा_के

हे शंभर टक्के. उहुरासाठी असा एक भाग कोणीच लिहिला नाही, एवढंच म्हणते.

बोरीबंदर

भाचीला आता हे सगळं दाखवायचंय, बारावीची परीक्षा झालीय तिची. क्रम असा ठरवलाय: चांदणभूल म्हणतात तो १९६७चा भाग, मग दुसरा चित्रपट, तिसरा (कर्कचा मुलगा त्यात मरतो, तो चुकवून चालणार नाही), चौथा आणि सहावा. पाचवा गाळतोय. सातवा दाखवू का?

चांदणभूल

सहाव्यावर थांबा. सह्या दिसल्या की बंद करा.

पाचवा_मजला

पाचव्यातली शेकोटी आणि सातव्याचा शेवट, एवढं तरी एकापाठोपाठ दाखवाच. तिला काय वाटतं ते इथे लिहा, आणि आधी आमचं भांडण वाचायला देऊ नका.