टेक्सास: नववीसाठी एन्डॉर्समेंट कोणती? शुक्रवारपर्यंत सही करायची आहे, सल्ला हवा

सदाफुली
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, लेक आठवीत आहे. परवा तिनं दप्तरातून एक कागद काढून दिला. नववीत जाण्याआधी एन्डॉर्समेंट, म्हणजे हायस्कूलमधला विशेष विषयगट, निवडायची आणि चार वर्षांच्या ग्रॅज्युएशन प्लॅनवर पालकांनी सही करायची. पाच चौकोन आहेत: स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित), बिझनेस अँड इंडस्ट्री, पब्लिक सर्व्हिस, आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज, मल्टिडिसिप्लिनरी स्टडीज. लेकीनं बिझनेस अँड इंडस्ट्रीवर पेन्सिलनं खूण करूनच आणली होती. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय आणि शाळेतले पशुवैद्यकाचे वर्ग त्याच चौकोनात येतात. ह्यांचं म्हणणं, डॉक्टर व्हायचं तर स्टेमच घ्यायला हवं. ती खूण ह्यांनी खोडली, तिनं पुन्हा केली, आता तिथला कागद झिरझिरीत झालाय.

आम्ही दोघं दहावीपर्यंत सगळ्यांबरोबर एकच अभ्यासक्रम शिकलो, अकरावीला सायन्स घेतलं आणि सुटलो. तेराव्या वर्षी ही निवड करायची म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. एकदा खूण केली की बाकीच्या वाटा बंद होतात का? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया लिहा.

पन्हाळकर_ह्यूस्टन
सदाफुलीताई, वाटा बंद होत नाहीत. एन्डॉर्समेंट नंतर बदलता येते, माझ्या मुलीनं दहावीनंतर बदलली. फक्त जितका उशीर कराल तितके विषय भरून काढावे लागतात.

थोडं मागचं सांगतो, म्हणजे कागद कुठून आला ते कळेल. आधी इथे बहुतेक मुलांना इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र हे चारही विषय चार-चार वर्षं घ्यावे लागत. त्यावर राज्याच्या १५ परीक्षा येणार होत्या. पालक वैतागले आणि उद्योगवाल्यांनीही तक्रार केली की हाताला कौशल्य असलेली मुलं मिळत नाहीत. मग २०१३ साली टेक्सासच्या विधिमंडळानं हाउस बिल ५ हा कायदा मंजूर केला. परीक्षा १५ वरून ५ वर आल्या. हायस्कूल पूर्ण करायला पाया २२ क्रेडिटचा (एक विषय वर्षभर म्हणजे साधारण एक क्रेडिट), एन्डॉर्समेंट धरून २६.

या कायद्यात एक गोष्ट आईबापांच्या नजरेतून निसटते: अल्जिब्रा टू, म्हणजे बीजगणिताचा पुढचा टप्पा, सगळ्यांना सक्तीचं राहिलं नाही. त्या वेळी त्यावरून मोठा वाद झाला होता. मात्र 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल ऑफ अचीव्हमेंट', म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याची वरची श्रेणी, हवी असेल तर एन्डॉर्समेंटबरोबर गणिताची चार क्रेडिट्स, त्यात अल्जिब्रा टू, आणि विज्ञानाची चार क्रेडिट्स लागतात. शाळेतल्या पहिल्या १० टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश देणारा १९९७ चा कायदा आहे, तो या लेव्हलशी बांधलेला आहे. ऑस्टिनच्या यूटीत (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) तर ती रेषा आणखी वर आहे, २०२६ च्या प्रवेशापासून पहिले ५ टक्के.

म्हणून चौकोन कोणता यावर घरात भांडू नका. चार वर्षांच्या तक्त्यात अल्जिब्रा टू कुठल्या वर्षी लिहिलंय ते बोट ठेवून बघा.

काजळमाया
पन्हाळकरांच्या शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा ओढते. आमच्या मुलानं बिझनेस अँड इंडस्ट्री घेतली होती. प्लॅनवर गणिताचे चार विषय होते, त्यामुळे आम्ही निर्धास्त. अकरावीच्या मार्चमध्ये लक्षात आलं की त्या चारांत अल्जिब्रा टू नाहीच. मुलगा पहिल्या १० टक्क्यांत, आणि थेट प्रवेशाला अपात्र. ती सगळी सुट्टी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यानं अल्जिब्रा टू पूर्ण केलं. भारतवारी रद्द झाली आणि त्या वर्षी आजीची भेट राहिली. सही मीच केली होती, वाचून. वाचताना विषयांची संख्या मोजली, नावं वाचली नाहीत. ताई, तुम्ही नावं वाचा.

सदाफुली
काजळमाया, वाचून गलबलून आलं. मनापासून आभार. आत्ताच कागद काढून पाहिला. लेक आठवीतच अल्जिब्रा वन करते आहे, नववीला जॉमेट्री आणि दहावीला अल्जिब्रा टू लिहिलंय. म्हणजे ठीक ना? आणि पशुवैद्यकासाठी बिझनेसच्या चौकोनानं नुकसान तर नाही?

माळरान
गणिताचं उत्तम आहे. नुकसानीचं म्हणाल तर माझी धाकटी याच वाटेनं गेली. शेती आणि पशुपालनाचे वर्ग कायद्यात बिझनेस अँड इंडस्ट्रीखाली टाकलेत एवढंच. चौकोनाच्या नावावरून घाबरू नका. स्टेमला अल्जिब्रा टू, केमिस्ट्री आणि फिजिक्स लागतं. हे तिन्ही विषय लेकीनं तसेही घ्यावेत, कारण पुढे कॉलेजात पशुवैद्यकाच्या पूर्वतयारीला ते लागणारच. मग यजमानांच्या मनातलं शिक्षण आणि लेकीच्या मनातले वर्ग एकाच प्लॅनमध्ये बसतात.

आमच्याकडे धाकटीनं एक बकरी वाढवली. रोज पहाटे साडेपाचला शाळेच्या गोठ्यात जाऊन खाणं वजन करून घालायचं, वहीत लिहायचं, खूर तपासायचे. थंडीत मी गाडीत बसून राहायचो आणि ही आत भुसा बदलायची. दुसऱ्या महिन्यात बकरीला जुलाब लागले, तेव्हा डॉक्टरांशी फोनवर तीच बोलली: किती वेळा, रंग कसा, पाणी पितेय का. त्या दिवशी मला कळलं की हे खूळ नव्हे. हे तिला सतराव्या वर्षी कळलं काय आणि पंचविसाव्या वर्षी कळलं काय, यात फार फरक आहे हो.

एक मात्र शाळेच्या समुपदेशकांना जरूर विचारा: या वर्गांना जीपीएमध्ये, म्हणजे गुणांच्या सरासरीत, वजन किती? काही शाळा-डिस्ट्रिक्टमध्ये ऑनर्स-एपी या वरच्या पातळीच्या वर्गांपेक्षा कमी धरतात आणि शाळेतली रँक घसरते. आमच्याकडे तसं होतं. आम्ही जाणूनबुजून ते स्वीकारलं.

पन्हाळकर_ह्यूस्टन
अजून एक, बारावीसाठी. हायस्कूलची पदवी मिळायला फाफ्सा, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदतीचा केंद्र सरकारचा अर्ज, भरण्याची अट २०१९ च्या कायद्यानं आली आहे. एच-४ वर (एच-१बी व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांना केंद्राची मदत मिळत नाही, पण म्हणून पदवी अडत नाही. पालकांच्या सहीनं त्यातून सूट घेता येते. शाळेत फॉर्म मिळतो.

सदाफुली
काल रात्री हा धागा ह्यांना वाचायला दिला. बकरीच्या परिच्छेदापाशी बराच वेळ थांबले. मग लेकीला हाक मारली आणि विचारलं, "पहाटे साडेपाचला उठशील?" ती म्हणाली, "बाबा, सोडायला तुम्ही याल?" आता खूण पेनानं केली आहे. फिजिक्स अकरावीच्या रकान्यात लिहून घेतलंय. जीपीएचं विचारायला मंगळवारी समुपदेशकांची वेळ मिळाली आहे, काय म्हणतात ते इथेच लिहीन.